सात पाचे पस्तीसच्या पुढे

डोंग्यात चढायची वेळ आली तेव्हा कळलं की यमुना आमच्यात नाही. गुरुजी एकेकाचा हात धरून आत बसवत होते. मला बसवलं आणि माझ्यानंतर यमुनेसाठी हात पुढे केला. तिथे रांगेतलं तिच्या पुढचं पोरगं आलं. गुरुजींचा हात तसाच राहिला. पैनगंगा दोन्ही थड्या भरून चालली होती. मागे ज्वारीचं उभं रान होतं, त्याच्यामागे आमच्या गावावर धूर. यमुना गुरुजींचीच लेक. दुसरं लेकरू त्यांना नव्हतं.

बाबाराव गुरुजी मागच्या महिन्यात हिंगोलीला पुतण्याच्या घरी वारले. नव्वदीच्या पुढे होते. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

आमचं गाव गोरेगावच्या पुढे, नदीच्या अलीकडे. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पोरी दोनच, यमुना आणि मी. शनिवारी गुरुजी नवं काही शिकवत नसत, झालेलं घोटून घ्यायचे, आणि तेही खेळ लावून. भिंतीकडची पोरं एका बाजूला, दाराकडची दुसऱ्या. अडीच पायली ज्वारी पाच घरांत वाटली तर एका घरी किती, असं विचारायचे. आधी बराबर सांगेल त्या बाजूला एक चिंचोका. चिंचोक्यांसाठी आम्ही एकमेकांचे केस ओढलेले आहेत. शेवटी पाढ्याची साखळी. दहा लेकरांची दहा घरं ठरलेली. गुरुजी म्हणायचे, साताचा, की पहिल्यानं सात एके सात म्हणायचं, दुसऱ्यानं सात दुणे चौदा, असं सत्तरपर्यंत न थांबता. माझं घर पाचवं, यमुनेचं सहावं. माझं पस्तीस झालं की यमुना हमखास अडायची. तिला येत नव्हतं असं नाही, तिची नजर देवळाबाहेर असायची. कोणी अडलं की गुरुजी रागवत नसत. हळूच आपणच उत्तर टाकायचे आणि साखळी पुढे न्यायचे. पोरं टोमणे मारायची, "गुरुजी, सोताच्या पोरीला फुकट देऊन राहिले तुमी."

"तू बी अड की. तुला बी देतो," गुरुजी म्हणायचे.

ते साल पोलीस अॅक्शनच्या आधीचं. टोळ्या गावं जाळत होत्या, लोक नदी ओलांडून वऱ्हाडात चालले होते. आमचे आईबाप पीक आणि ढोरं सोडून निघायला तयार नव्हते. त्यांनी गुरुजींना सांगून ठेवलं होतं, वेळ आलीच तर लेकरं तेवढी पलीकडे काढा. वेळ आली ती शाळा भरलेली असताना. घरी जायला सवड नव्हती. गुरुजींनी आम्हाला देवळाच्या मागून ज्वारीत घातलं. एकामागे एक चाललं तर पीक मोडून वाट पडते आणि ती वाट मागच्याला दिसते. म्हणून प्रत्येकानं आपली आपली ओळ धरायची, थांबायचं नाही, वळायचं नाही. ज्वारी डोक्याच्या वर, शेजारचं लेकरूही दिसत नव्हतं. कोण आहे कोण नाही हे कळावं म्हणून गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, साताचा. साताच्या पाढ्याला ध्यान द्यावं लागतं, लेकरं रडत नाहीत...

साखळी किती वेळा फिरली ते मला सांगता येणार नाही. एकदा मी पस्तीस म्हटलं आणि पुढे शांत. गुरुजींनी शाळेतल्यासारखंच हळूच टाकलं, बेचाळीस. सातवं घर बोललं, आठवं बोललं. पुढच्या फेऱ्यालाही तसंच. एक पोरगं तर फिसकन हसलं, ही इथंही अडली म्हणून. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

नदीवर कळलं. गुरुजी परत ज्वारीत शिरले. मोठ्यानं हाक मारायची सोय नव्हती, हाकेवर टोळीच आली असती. ते हळू आवाजात सात पाचे पस्तीस, सात पाचे पस्तीस म्हणत फिरत होते. आम्हाला डोंग्यातून ऐकू येत होतं. मग धूर अलीकडे यायला लागला. डोंगेवाला म्हणाला, "गुरुजी, बसता का सोडू? पुन्यांदा येनं व्हनार न्हाई. ही नऊ लेकरं कोनाच्या भरवशावर?"

गुरुजी बाहेर आले. ज्वारीच्या पात्यांनी तोंड चिरलं होतं. डोंग्यात बसले.

पोलीस अॅक्शन झाल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला आम्ही गावी आलो. माझे आईबाप वाचले होते, गुरुजींची बायको, आमच्या काकूही. कणसं खुडली, कडबा कापला, रान मोकळं झालं. सगळं गाव ते रान बघून आलं. तिथे काही नव्हतं. काकूंनी गुरुजींना एका शब्दानं विचारलं नाही. मला विचारलं. "कौसा, तिनं सोता बेचाळीस शेवटलं कव्हा म्हनलं गं?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही. काकू मरेपर्यंत मला बघितलं की थांबायच्या... मी दुसऱ्या गल्लीनं जायला लागले.

शाळा पुन्हा भरली, शनिवारचा खेळही. पण गुरुजींनी त्यानंतर कोणालाही उत्तर टाकून दिलं नाही. पोरगं अडलं की साखळी तिथेच थांबवायचे, उठून त्याच्याजवळ जायचे, तोंड बघायचे, डोक्यावर हात ठेवायचे, आणि ते बोलेपर्यंत उभे राहायचे. तपासायला आलेल्या साहेबानं सांगितलं, यात वेळ जातो. गुरुजी म्हणाले, व्हय, जातो. नोकरी संपेपर्यंत तसंच केलं.

गेल्या आखाडात मी त्यांना भेटायला हिंगोलीला गेले. पुतण्याला ओळखत नव्हते, मला ओळखलं का तेही कळलं नाही. खाटेजवळ बसले तर म्हणाले, "साताचा." मी एकटीनंच सुरू केलं. पस्तीसपर्यंत म्हटलं आणि थांबले. पुढचं घर माझं नव्हतं. गुरुजी दाराकडे बघत वाट बघत राहिले. पुतण्याची बायको चहा घेऊन आली, चहा निवला, तरी बघतच होते. मला बस धरायची होती, मी उठले.

त्या दिवशी पैनगंगा उतरलो ते गुरुजी आणि आम्ही नऊ लेकरं. आम्ही सगळे जगलो.