क्लचशिवाय ठरलेलं लग्न

निलंग्याच्या रेवणसिद्ध आप्पांच्या मोटारसायकलची क्लचची तार तुटली, तेव्हा त्यांना कळलं की रेस जरा कमी केली की गिअर तसाही पडतो. तार त्यांनी बदललीच नाही. अडचण एवढीच होती की थांबलं की गाडी बंद पडायची आणि ढकलूनच चालू व्हायची. म्हणून आप्पांनी थांबणंच सोडलं. बायको, महादेवी, चालत्या गाडीवर डबा द्यायची.

लेकीला, सृष्टीला, बघायला उदगीरचे पाहुणे आले, तेव्हाही आप्पा घराभोवती चकरा मारत होते. मुलाचे वडील वीरभद्रप्पा अंगणात उभे होते.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले.

आप्पा वळसा घालून आले. "मग तारीख?"

उत्तर ऐकायला त्यांना आणखी एक चक्कर मारावी लागली. शेवटी वैतागलेले वीरभद्रप्पा पळत जाऊन मागच्या सीटवर बसले. लातूर रस्त्यावर दोघांनी हॉल, आचारी, सगळं ठरवलं. औशाजवळ पेट्रोल संपलं.

"लग्नात तरी उतरणार का?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

आप्पांनी बराच विचार केला. "अक्षतेपुरता उतरतो."

आणि ते खरंच उतरले. फक्त उभं राहायची सवय मोडल्यामुळं दोन पाहुण्यांनी त्यांना धरून ठेवलं होतं.