सत्तरीचा विमा आणि माझी चौसष्टी

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत राहायला आलो, तर पहिल्याच सकाळी बॅडमिंटनवाले गुप्ताजी विचारतात, "भाईसाहब, उमर क्या होगी आपकी?" इथे नावाआधी वय विचारतात हो! मी नुकताच कलप लावलेला. तोंडातून निघून गेलं, "चौंसठ." झालं, पासष्टच्या आतल्यांच्या टीममध्ये माझी वर्णी लागली. खरं वय एकाहत्तर!

तेवढ्यात सरकारने जाहीर केलं, सत्तरीपुढच्या सगळ्यांना, गरीब असो की श्रीमंत, हॉस्पिटलचा विमा. पार्कात लगेच दोन तट पडले. गुप्ताजी बाजूने. "बिल्कुल सही है! मेरे पिताजी को कोई कंपनी पॉलिसी नहीं देती."

आणि मी? कडाडून विरोधात! का? अहो, कार्डं काढायचं शिबिर आमच्याच क्लबहाउसमध्ये लागणार होतं, आणि आधारवर जन्मतारीख असते! मग काय, करदात्यांवर बोजा, हॉस्पिटलात गर्दी, पैसेवाल्यांना फुकट कशाला... असा काही सुटलो की गुप्ताजी म्हणाले, "नौजवानों की सोच अलग होती है." मी चक्क लाजलो.

घरी सुधाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, ताट आपटलं. "अहो, माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. आणि तुम्ही विरोधात भाषणं कसली ठोकताय?"

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्वाचा की कलपाचा?"

शिबिराच्या दिवशी तिला हात धरून न्यावंच लागलं. टेबलामागच्या मुलीने आधार बघून खणखणीत आवाजात म्हटलं, "सुधा जी, सत्तर पूरे!"

गुप्ताजी गर्रकन वळले. "भाभीजी आपसे छह साल बड़ी हैं?"

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! "हां जी," मी म्हणालो, "लव्ह मॅरेज!"

"वाह यार! उस ज़माने में!" टाळ्याच पडल्या. मग मलाही चेव आला. ती कॉलेजात सीनियर, मी ज्युनियर, घरच्यांचा विरोध... ऐकायला सगळी रांग गोळा झाली.

सुधा शांतपणे म्हणाली, "बिल्कुल. मेरी शादी बीस की उमर में हुई. मतलब ये तब चौदह के थे. हाफ पैंट में घोड़ी पर आए थे."

क्लबहाउस हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. वर सुधाने स्वतःच्या पर्समधून माझं आधार काढून टेबलावर ठेवलं! त्या मुलीने तेही वाचलं, त्याच खणखणीत आवाजात.

दोघांचीही कार्डं निघाली. सुधाचं ऑपरेशनही ठरलं, नशीब माझं. मला मात्र आता कोर्टवर रॅकेट मिळत नाही, बाकावर जागा मिळते. आणि साठी ओलांडलेले गुप्ताजी मला "ताऊजी", म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणतात!

परवा कुणीतरी विचारलं, "ताऊजी, अब क्या राय है आपकी?"

म्हटलं, योजना उत्तम आहे. सरकारने फक्त ती वयाची अट तेवढी काढून टाकावी.