बँकॉकच्या ओवरीतली कोळीण

बँकॉकची सहल खरं तर नवऱ्याला मिळाली होती. नितीन जासईला खाडीत भराव घालून केलेल्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. या वर्षी, म्हणजे २०१३ साली, मालकांनी खूश होऊन त्याला दोन माणसांची चार दिवसांची टूर दिली आणि रजा मात्र दिली नाही. "आईला घेऊन जा," तो म्हणाला. मला हसूच आलं. माझ्या सासूबाई म्हणजे उरणजवळच्या करंज्याच्या कोळीण, गुडघ्यापर्यंत लुगडं, नाकात नथ आणि चाळीस वर्षं डोक्यावर पाटी. नणंदेकडे मस्कतला जायचं म्हणून त्यांचा पासपोर्ट काढून ठेवला होता, पण त्यांची मजल अजून उरण-पनवेलपलीकडे फारशी गेली नव्हती.

"हसू नकोस," नितीन म्हणाला. "चार दिवस ती तुझ्याजवळ असेल. तुझं ऐकते ती. त्या कागदाचं तेवढं बघ."

कागद म्हणजे संमतीपत्र. करंज्याला खाडीच्या कडेला सासूबाईंचं मासे सुकवायचं खळं आहे. तिथे दगडमातीचा भराव घालून काहीतरी मोठं होणार होतं. आळीतल्या जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, राहिल्या होत्या त्या सासूबाई. नितीनचं म्हणणं एवढंच, की मासळी कमी झाली, आईचे गुडघे गेले, तिने सही करावी आणि पनवेलला आमच्याकडे यावं. मला ते पटत होतं. दर रविवारी पनवेल-करंजा हेलपाटा घालून मीही कंटाळले होते. तेव्हा हा प्रवास मी डोळे उघडे ठेवून केला असला तरी पोटात कपट ठेवून केला, हे आधीच कबूल करते.

विमान साडेचार तासांचं. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, हजार बाट आणि फोटो जवळ ठेवा, आणि रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. आमच्या गटात पनवेलचेच बावीस जण होते, त्यातले निम्मे ठेपले घेऊन निघालेले. सासूबाईंच्या पिशवीत सुकटीच्या चटणीचा डबा होता. तो त्यांनी बसमध्ये उघडला मात्र, पुढच्या दोन ओळी रिकाम्या झाल्या. शहरदर्शनाच्या दिवशी मात्र डबा बंद, कारण तो शनिवार होता. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी सासूबाई मासळीला हात लावत नाहीत, घरी असोत की परदेशात.

सकाळी साडेसातला बस निघाली. आमची गाइड नोई नावाची पन्नाशीची थाई बाई, हिंदी अगदी कामापुरती, पण ठणठणीत. "माताजी, आगे आगे," म्हणत तिने सासूबाईंना पहिल्या सीटवर बसवलं आणि दिवसभर तिथून हलू दिलं नाही.

पहिलं ठिकाण वाट फो, म्हणजे निजलेल्या बुद्धाचं देऊळ. फोटोत मी तो पाहिला होता. फोटोत काही कळत नाही, हे लिहून ठेवा. दारातून आत शिरलं की समोर सोन्याची एक भिंत दिसते आणि काही पावलं चालल्यावर लक्षात येतं, की ही भिंत नाही, दंड आहे. मान वर करावी तर खांबांच्या फटीतून शांत चेहरा आपल्याकडे बघत असतो. शेजारून ओळीने मांडलेल्या वाडग्यांत लोक नाणी टाकत होते आणि त्या किणकिणीने सगळं देऊळ भरून गेलं होतं. टोकाला पावलं आली, माणसाच्या दुप्पट उंच. त्या काळ्या तळव्यांवर बारीक चित्रं चमकत होती. नोई इंग्रजी शब्द आठवत असतानाच सासूबाई म्हणाल्या, "शिंपले हायत ते. आतली बाजू घासून लावलीय." खरंच शिंपल्यांचं काम होतं ते. त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. "केवरी मेहनत केली असंल गो," एवढंच म्हणाल्या.

तिथून राजवाडा. तिकीट पाचशे बाट, आमच्या पॅकेजमध्ये धरलेलं. जाणार असाल तर गुडघे आणि खांदे झाकणारे कपडेच घाला, कारण दारावर अडवतात. आम्हाला अडवलंच. पहारेकऱ्याने सासूबाईंच्या पोटऱ्यांकडे बोट दाखवलं आणि मग नियमांच्या पाटीकडे. मी ओशाळले. निघताना मी त्यांना पंजाबी ड्रेस घ्यायला सांगून थकले होते. बाजूला भाड्याचे सराँग, म्हणजे लुंगीसारखी वस्त्रं, मिळत होती, पण सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं नेसलेलं मी नाय नेसनार," आणि बायकांच्या स्वच्छतागृहाकडे चालू लागल्या. पाच मिनिटांत परतल्या तेव्हा तेच लुगडं घोट्यापर्यंत आलं होतं, कासोटा जागच्या जागी. पहारेकरी बाजूला झाला. नोईने वाकून तो कासोटा बोटांनी चाचपला. "मेरी दादी," ती म्हणाली, "ऐसा ही पहनती थी. पीछे ऐसा ही." त्यानंतर तिने सासूबाईंचा हात सोडला नाही, आणि मी गुपचूप मागून चालले.

आतल्या सोन्याबद्दल मी काय लिहू. कळस सोन्याचे, खांब आरशांच्या तुकड्यांचे, उन्हात डोळे मिटावे लागतात. पाचूच्या बुद्धाचं देऊळ आतून शांत आणि गार आहे. तिथे फोटो काढू देत नाहीत आणि पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही. पण मला त्या देवळाइतकीच लक्षात राहिली ती भोवतालची ओवरी. सगळ्या भिंतीभर रामायण रंगवलंय, एका चित्रातून दुसऱ्यात वाहत गेलेलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. आता त्यांना गाइडची गरज नव्हती. वाली, सुग्रीव, रावण, सगळी माणसं त्या न सांगता ओळखत होत्या. मारुती तेवढा पांढराशुभ्र निघाला. "आपला शेंदरी, ह्यांचा पांढरा. असूं दे," म्हणून त्यांनी हात जोडले.

पुढे सेतूचं चित्र आलं. वानर समुद्रात दगड टाकतायत आणि पाण्याखाली एक बाई, कमरेखाली मासा, अंगभर सोनं. मारुती तिच्या मागे लागलेला.

"ही मासोली कोन?" सासूबाईंनी विचारलं.

नोईने सांगितलेलं मी मराठीत करून सांगत गेले. ही सोनेरी मासोळी रावणाची मुलगी. वानरांनी टाकलेले दगड ती आणि तिच्या मैत्रिणी खालून काढून नेत. मारुतीने पाण्यात उडी मारून तिला गाठलं, मग दोघांचं प्रेम जमलं, आणि त्यांना मुलगा झाला.

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तिला सांग, मारुती ब्रह्मचारी हाय. आज शनवार हाय."

मी सांगितलं. नोई गोड हसली आणि म्हणाली, "हमारा हनुमान ब्रह्मचारी नहीं है, माताजी. बेटा है उसका, आधा बंदर, आधा मछली."

"मकरध्वज," सासूबाई एकदम म्हणाल्या. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि मकरध्वज झाला, ही गोष्ट त्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितली होती. त्यांनी थोडा विचार केला. "मग असंल. आपल्याकडं बायकोचं लिवायचं राहिलं असंल." मग पुन्हा चित्रात डोकं घालून, "पन दगड कशाला काढत व्हती?"

"रावणाने सांगितलं म्हणून."

"रावनानं कशाला सांगायला पायजे? तिच्या घरावर दगड पडत व्हते. कोलीण हाय ती. समुद्रात भराव घालाल तर ती काढनारच."

आमचा गट पुढे गेला होता. मला त्या गर्दीत, त्या सोन्यात, एकदम करंज्याचं खळं दिसलं.

"मग पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं. नोई म्हणाली, हनुमानाने तिला सांगितलं की पूल कशासाठी बांधतोय, कुणाची बायको पळवलीय. ते ऐकून तिने दगड परत आणून ठेवले.

सासूबाईंनी मान हलवली. त्या चित्रापुढे त्या इतका वेळ थांबल्या की नोईला "जल्दी, माताजी" म्हणावं लागलं. बाहेर दुकानात त्यांनी त्याच मासोळीचं छोटं छापील चित्र स्वतःच्या पैशांनी घेतलं. मला पर्स उघडू दिली नाही.

जेवण एका पंजाबी हॉटेलात झालं, त्याबद्दल न बोललेलं बरं. दुपारी नदीवर लांब शेपटीच्या होडीतून फेरी होती. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगीत फडकी आणि फुलांचे हार बांधलेले. चढताना सासूबाईंनी नाळेला हात लावून तो कपाळाला लावला. होडीवाल्याने ते पाहिलं आणि त्यांना बसायला चांगली जागा काढून दिली. एका देवळाच्या धक्क्याशी पाव टाकला तर पाणी उकळावं तसे मासे वर आले, हातभर लांब एकेक. देवळासमोर ते कुणी धरत नाही, नोई म्हणाली. सासूबाई दोन्ही हातांनी पाव टाकत होत्या. "जन्मात पहिल्यांदा मासलीला खायला घालतेय," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, ते का ते मला नीट सांगता येणार नाही.

नोईने मग किनाऱ्याकडे हात केला. तिच्या आजीचं घर कालव्यावर होतं. कालवा बुजवला, रस्ता झाला. सकाळी आपली बस गेली ना, तोच रस्ता. हे तिने अगदी सहज सांगितलं, पुढच्या देवळाचं नाव सांगावं तसं.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हटलं, "आई, त्या कागदाचं काय करायचं?"

त्या हसल्या. "मना ठाव व्हतं, तुला कशाला धाडलंय ते." मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मारुतीनं तिला सांगितलं तरी. एवरा मोठा देव, पान्यात उतरला आनि सांगितलं, कशासाठी दगड टाकतोय ते. आमाला कोन सांगाय आला?"

मी तो कागद एकदाही पूर्ण वाचलेला नव्हता.

पनवेलला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनने चहाबरोबर कागद आणि पेन पुढे ठेवलं. माझ्याकडे त्याने आशेने पाहिलं. मी चहात बघत राहिले.

"वाच," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं. हद्दी होत्या, अटी होत्या, 'प्रस्तावित प्रकल्प' तीनदा होता.

"कशाचा प्रकल्प?"

त्याने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "ते लिहिलेलं नाही."

"तू रोज भरावावरच उभा राहतोस ना रं बाला? तुलाबी नाय ठाव?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते नितीनला लागलं असावं. "जा, इचारून ये. नीट सांगितलं तर सही करंन मी. तिनंबी दगड परत ठेवले व्हते."

नितीन तो कागद घेऊन पहिल्यांदा अर्धा दिवस रजा टाकून कागद देणाऱ्यांच्या कचेरीत गेला. मग दुसऱ्यांदा गेला. आता आळीतले आणखी चौघे त्याच्याबरोबर जातात, सही करून बसलेलेसुद्धा. उत्तर अजून मिळालेलं नाही. सही झालेली नाही. रविवारचा हेलपाटा चालूच आहे आणि मी आता कुरकुरत नाही, किंवा कमी कुरकुरते.

बँकॉकला जाऊन काय आणलं, असं लोक विचारतात. तो सोन्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही, एवढं नक्की. बाकी आणलं ते सासूबाईंनी. परवा रविवारऐवजी शनिवारीच करंज्याला गेले तर देवळीत शेंदरी मारुतीशेजारी ती सोनेरी मासोळी काचेत बसवलेली होती. दोघांना एकेक जास्वंद.

"आई, मारुती ब्रह्मचारी ना?" मी चिडवलं.

"हाय तर. ही त्याच्यासाठी नाय बसवली." त्यांनी खिडकीतून खळ्याकडे आणि त्यापलीकडच्या पाण्याकडे पाहिलं. "हिला सांगितलंय, दगडांवर ध्यान ठेव."