आईला कोणी विचारायचं?

लोकांच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, असं आईने बजावलंय. म्हणून मी बोलत नाही, फक्त लिहितेय. आई नोएडात एका नेत्रपेढीत काम करते. कुणी गेलं की त्या घरी जाऊन डोळे दान करणार का, असं विचारायचं, हे तिचं काम. डॉक्टर भागवतकाका सोबत असतात. ते डोळे काढून घेतात, पण तोंडाने कधी मागत नाहीत. दोघांचे किस्से आमच्या जेवणाच्या टेबलावर साचत जातात.

नव्या सेक्टरांत अजून पाट्याच नाहीत. एकदा ही दोघं भलत्याच ब्लॉकमधल्या त्याच नंबरच्या घरी गेली. दार एका म्हाताऱ्या सरदारजींनी उघडलं. आई हात जोडून म्हणाली, "बाबूजी के जाने का बहुत दुख हुआ."

"बेटी, थोड़ी जल्दी आ गई हो!"

डोळे सुकू नयेत म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. ऐन मे महिन्यात एका घरी आईने तो बंद केला की गेलेल्या माणसाची बायको पुन्हा लावायची. शेवटी ती रडत म्हणाली, "इन्हें गरमी बिल्कुल सहन नहीं होती!" आईने तिच्या हातात हातपंखा दिला आणि पायांकडून वारा घालायला सांगितलं.

दुसऱ्या एका घरी सगळं आटोपल्यावर एक आजी काकांच्या मागे जिन्यापर्यंत आल्या. "चश्मा भी ले जाइए. इसके बिना इन्हें कुछ नहीं दिखता." काकांनी तो मुकाट्याने खिशात ठेवला.

माझे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, आमच्याकडेच दिल्लीत मयूर विहारला राहायचे. ते काकांना म्हणायचे, "भागवत, माझे डोळे पेपर वाचणाऱ्यालाच द्या हं! दिवसभर केबल बघणाऱ्याला नकोत!"

"तुम्ही आधी जा तर खरं!" काका म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात आजोबा गेले. काका आले ते दारातच थबकले. आई आजोबांचा हात धरून बसली होती. उशीर झाला तर डोळे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण ती हलेना.

"सुधाताई, राहू दे. मी परत जातो," काका म्हणाले.

"जाताय कुठे? विचारा ना मला!" आई एकदम ओरडली. "मी सगळ्यांना विचारते. मला कुणीच विचारणार नाही?"

काका नुसतेच बॅगेचा पट्टा चाळवत राहिले.

मी वर्गात हजेरीसुद्धा हळूच देते. पण मी आईजवळ जमिनीवर बसले आणि ती लोकांना विचारते तसंच विचारलं, "तुमची इच्छा असेल तर, आपण यांचे डोळे देऊ या का?"

आईने आजोबांचा हात हळूच खाली ठेवला.

"हो. द्या."

काका आत गेले. आई बाहेर जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसली आणि मला म्हणाली, की… थांबा, आई हाक मारतेय. आले गं, आई!