लांडग्याचे डोळे

माझ्या हातून आजवर एकच भयंकर प्राणी घडला, आणि त्याला बघून रोह्यातल्या एका बाईंना माया आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा विशीत होतो आणि स्वतःविषयी माझं मत फारच चांगलं होतं.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. माती मळणं, साच्यात भरणं, अंगाचा रंग, पितांबराची किनार, सगळं मला यायचं. येत नव्हती ती आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम कारखान्यात फक्त वडील करत. ते आखणीला बसले की रेडिओ बंद व्हायचा आणि कुणी शिंकलं तरी त्याला बाहेर काढायचे. तीन वर्षं मी फुटक्या मूर्तींच्या तोंडांवर सराव करत होतो. वडील एकेक तोंड उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "डोळं उघडं हायत, पन बघत कोन नाय." मग ते तोंड बाजूला पडायचं. त्यांनी मला एकदा तरी खऱ्या मूर्तीपुढे बसवावं, एवढंच मला हवं होतं. बाहेर मात्र मी सांगत फिरायचो की आपल्याला या धंद्यात रस नाही, आपली झेप मोठी आहे.

त्या झेपेला जागा मिळाली रोह्यात. तिथल्या माझ्या कॉलेजमित्राचा भाऊ आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने एक खोका आणला. त्यात आठ आणि बारा बाजूंचे फासे, एक नकाशा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन फासे टाकत पुढे जायचं, असा तो खेळ. गोष्ट उत्तरेकडच्या बर्फाळ देशांच्या पुराणातली होती. समुद्रात एक बेट, बेटावर गुहा, गुहेत एक अजस्र लांडगा. देवांनी त्याला 'गंमत म्हणून बांधून घे' असं सांगून रेशमासारख्या बारीक दोरीने कायमचा जखडलेला. ती दोरी सुटली की जग बुडालं, सगळे हरले.

गोष्ट सांगणारा मी झालो, कारण डिक्शनरी माझ्याकडे होती. जिथे डिक्शनरीही थकली तिथे मी ठोकून दिलं, आणि तेही अशा थाटात की जणू तिकडच्या देवांचा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चालतो. अडचण एकच होती. लांडग्याची मूर्ती खोक्यात नव्हती, कुठेतरी हरवली होती. मी छाती पुढे काढून म्हटलं, "पेणचा माणूस समोर बसलाय. लांडगा मी आणतो."

शाडूचा वीतभर लांडगा मी खरंच झकास घडवला. उघडा जबडा, बाहेर आलेले सुळे, मानेवरचे उभे केस. मुकुटाला लावायची सोनेरी जर घेऊन त्याचे चारी पाय बांधले. राहिले डोळे. शनिवारी दुपारी वडील जेवायला गेले तसा मी त्यांचा बारीक ब्रश घेऊन बसलो. राग मनात आणला. दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या. पण हाताला तीन वर्षं एकच वळण पडलेलं. भुवई गेली ती कमानीसारखी, पापणी अर्धी मिटली आणि बाहुली आपली जागा बघून गपचूप बसली. ब्रश खाली ठेवून बघतो तर सुळे बाहेर काढलेला तो राक्षस आता मला 'जेवलास का?' विचारील असा चेहरा करून बसलेला. वडील जेवून येतच होते, पुसून पुन्हा काढायला वेळ नव्हता. सकाळी रोह्याची एसटी होती.

रविवारी मित्राच्या घरी ओटीवर आम्ही बसलो. मित्र, त्याचे दोन शेजारी आणि मी. आवाज खाली आणून मी गुहेचं वर्णन केलं आणि पिशवीतून लांडगा काढून नकाशावर ठेवला. कुणी घाबरलं नाही. एक शेजारी तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागला. तेवढ्यात मित्राची अम्मी चहा घेऊन आली.

"अरे, या बिचाऱ्याला कशाला बांधून ठेवलाव?"

"अम्मी, याला सोडला तर जग बुडतंय," मित्र म्हणाला.

"बुडू दे. बघ, कसा बघतोय तो माझ्याकडं!"

मी घाईघाईने त्याच्या क्रौर्याचे आणखी चार प्रसंग जागच्या जागी रचले. उपयोग झाला नाही. मित्र म्हणाला, "फसवून बांधला म्हणून तूच सांगितलंस ना? मग यात त्याचा काय गुन्हा हाय?" आणि त्याने ब्लेडने जर कापली. पंधरा दिवस डिक्शनरी घेऊन तयार केलेलं माझं जग चहा निवायच्या आत बुडालं. मी म्हटलं, डोळे मुद्दाम तसे काढलेत, तीच तर खरी परीक्षा होती. कुणाला पटलं नाही, मलाही नाही. परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत मी स्वतःवरच फुगून बसलो होतो.

लांडगा कारखान्यात मागच्या फळीवर लपवला. सोमवारी वडिलांना तो सापडलाच. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"डोळं कोनी काढलं?"

"मी. चुकलेत," मी म्हणालो. रोह्यात वापरलेली सबब इथे काढायची हिंमत नव्हती.

त्यांनी लांडगा एकदा डावीकडे वळवला, एकदा उजवीकडे.

"ह्यो बघतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी रेडिओ बंद केला, आपल्या पाटावरून उठले, बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि घरगुती मूर्तींच्या रांगेतला एक छोटा गणपती माझ्यापुढे ठेवला. मागे उभे राहतील असं वाटलं होतं, पण ते चहाला बाहेर निघून गेले. मला रडूच आलं. सरावातलं काही म्हणजे काही आठवेना. शेवटी मी फळीवरून लांडगा उतरवला, समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बघत गणपतीचे डोळे काढले.