पंपाला दोन-दोन झाकणं

"माह्यं नाव परल्हाद गावंडे. राहाले आर्णीले. धंदा म्हणसान त जहर इकतो."

पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकानं उभं राहून आपली ओळख करून द्यायची होती. तोवर सगळ्यांनी आपापल्या पदव्या ओळीनं सांगितल्या होत्या. मी तर 'ॲडव्होकेट' हा शब्द जरा जास्तच ठासून उच्चारला होता. मग माझ्या शेजारून पांढऱ्या सदऱ्यातले, खिशाला तीन पेनं लावलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी हे वाक्य टाकलं. विषशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी हातातली हजेरी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

"कृषी केंद्र हाये ना माह्यं, बसस्टँडजवळ. फवारनीचं औषध इकतो. पन तुमी इषाचाच वर्ग काढला, त इथं कायले लपवा?"

यवतमाळला शनिवार-रविवारी भरणारा तो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. पर्यावरणातली विषं आणि त्यांचा कायदा, दोन्ही एकत्र. मी त्यात शिरले ती आर्णीच्या कोर्टातल्या बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांना कंटाळून. पाटीवर आणखी एक पदवी आली तर बरी दिसेल, एवढाच माझा उदात्त हेतू. परल्हादकाका मात्र चुकून आले होते. औषधविक्रेत्यांना परवान्यासाठी जे प्रशिक्षण घ्यावं लागतं ते हेच, अशी त्यांची समजूत झाली. जुनी बी.एस्सी. होती, प्रवेश मिळून गेला. दुसऱ्या आठवड्यात राज्यघटना सुरू झाली, तेव्हा ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "वकीलबाई, हे लायसनचं ट्रेनिंग नव्हे का?" मी नाही म्हटलं. त्यांनी जरा विचार केला. "मंग उठून जाऊ का? पन मॅडम शिकवून राह्यल्या. मधातून उठनं बरं नाई दिसत." आणि मधातून उठणं बरं दिसत नाही म्हणून हा माणूस दोन वर्षं बसला.

आमचा खरा वर्ग आर्णी-यवतमाळ एसटीत भरायचा. रसायनशास्त्राचा आणि माझा दहावीनंतर संबंध उरला नव्हता, आणि कायदा त्यांच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. ते माझ्या वहीत त्यांच्या गोल, ठसठशीत अक्षरात रेणूंच्या आकृत्या काढून देत आणि सांगत, "डोसवर हाये सारं, वकीलबाई. मीठबी मारते, पानीबी मारते. डोस पाहा." हे सूत्र मॅडमनी शिकवलेलं होतं, पण काका ते वडिलोपार्जित असल्यासारखं वापरत. चहात साखर जास्त झाली, डोस चुकला. व्याख्यान लांबलं, डोस चुकला. गावंडेकाकू चार दिवस माहेरी गेल्या की डोस बरोबर असायचा, आणि सहाव्या दिवशी हेच फोन करून त्यांना बोलावून घ्यायचे.

मी त्यांना शिकवलेल्या कायद्यातून त्यांनी एकच गोष्ट उचलली होती. कशालाही "हे कायद्यात बसते का?" असं विचारायचं. कुणी खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली, की काका त्या रुमालाकडे बोट दाखवून मला मोठ्यानं विचारत. रुमालाचा मालक माझ्याकडे संशयानं पाही. मी पुस्तकात डोकं घालून बसे.

एकदा मॅडमनी डब्यांवरचे रंगीत त्रिकोण शिकवले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. काका लगेच उभे राहिले. "मॅडम, कास्तकार लाल पाहूनच घेते. म्हनते, याच्यात पावर हाये. हिरवा देल्ला त म्हनते, मले टॉनिक कायले देता?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग तुम्ही काय सांगता त्यांना?" त्यांनी विचारलं. "मी काय सांगू? जे मांगते थे देतो," काका म्हणाले. मला तेव्हा ते उत्तर फार प्रामाणिक वाटलं होतं.

पहिल्या वर्षाच्या कायद्याच्या पेपरात एक प्रश्न आला. डब्यावर न छापलेलं मिश्रण विक्रेत्यानं सुचवलं आणि फवारणाऱ्याला विषबाधा झाली, तर जबाबदारी कोणाची? काकांनी दीड पान लिहिलं. जबाबदारी वाऱ्याची, ऑक्टोबरच्या उन्हाची, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, आणि शेवटी थोडीशी कंपनीची. विक्रेत्याचा त्यात कुठं पत्ताच नव्हता. या उत्तराला शून्य मिळालं तेव्हा ते मॅडमशी भांडायला गेले. "वाऱ्याले समन्स काढता येत नाई म्हनून शून्य देल्लं का?" त्या पेपरात मी वर्गात पहिली होते, आणि हे मी त्यांना येता-जाता ऐकवत असे.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक प्रबंध लिहायचा होता. काकांनी विषय निवडला दशरथ आडेचा.

दशरथ आर्णीजवळच्या एका तांड्यावर राहायचा आणि दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं फवारणी करायचा. त्या भागात त्याच्यासारखा फवारणारा दुसरा नव्हता. त्या साली पऱ्हाटीत फवारता फवारता तो कोसळला. वावराच्या मालकानं त्याला दवाखान्यात नेलं खरं, पण आपल्यामागे चौकशी लागेल या भीतीनं सांगून टाकलं की यानं स्वतःच विष घेतलं. कागदावर तेच चढलं. दशरथ वाचला, घरी आला, पण कागद तसाच राहिला. ज्यानं स्वतः विष घेतलं त्याच्या पाठीवर पंप कोण देणार? काम बंद झालं. मुलीची पुसदकडे ठरलेली सोयरीक वरपक्षानं थांबवली, बापच असला तर पोरगी कशी असेल म्हणून. दशरथ भेटेल त्याला सांगायचा, "म्या नाई पेलो." लोक मान हलवायचे आणि पुढे जायचे. शेवटी त्यानं तालुक्याला अर्ज केला. तिथं त्याला सांगण्यात आलं, सुनावणी ठेवू, पुरावा आण.

"इषशास्त्र माह्यं, कायदा तुमचा," काका मला म्हणाले. "सोडवू त्याले." इतका उत्साह मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. माझ्या स्कूटीवर मागे बसून ते तांड्यावर आले, मांडीवर एक भलीमोठी पिशवी घेऊन. तिच्यात हातमोजे, प्लास्टिकच्या थैल्या, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि स्वतः आखलेला एक तक्ता होता. रस्ताभर त्यांनी मलाच बजावलं, "पुराव्याले हात नाई लावाचा, वकीलबाई. पुरावा जसा हाये तसा पाह्यजे."

दशरथची बायको शांताबाई. काकांनी हातमोजे चढवून तिच्याकडे त्या दिवशीचे कपडे मागितले. तिनं आणून दिले, तीनदा धुतलेले, घडी घातलेले. पंप मागितला. तो मालकाचा होता, साबणानं धुऊन, फडक्यानं पुसून परत पोचवला होता. उसनी वस्तू घाणेरडी परत करायची नाही, ही तांड्याची रीत. औषधाच्या बाटल्या? त्या राखेनं घासून लख्ख केलेल्या, अंगणात पालथ्या घातलेल्या होत्या. "चौकशीचे साहेब येनार म्हनले," शांताबाई म्हणाली, "मंग त्याइले घान कशी दाखवू?" काकांनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले आणि पिशवीत ठेवून दिले.

पण ते हटले नाहीत. त्यांनी दशरथला सदरा काढायला लावला. पाठीवर जिथं पंप टेकतो तिथली कातडी सोलून आता काळी पडली होती. पंप गळत होता, दशरथ म्हणाला, दुपारभर पाठ भिजत होती. काकांनी दवाखान्यातून सुटतानाचा कागद वाचला. तोंडात, घशात कसलीही इजा नाही, पाठीवर मात्र जखमा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि कुणी त्याकडे पाहिलं नव्हतं. "पेला असता त तोंडात दिसलं असतं," काका म्हणाले. "हे पाठीतून गेलं." एरवी त्यांची टर उडवणारी मी, पण हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. हा माणूस खरंच शिकला होता.

"एवढ्यानं भागणार नाही, काका," मी म्हणाले. "त्या दिवशी काय फवारलं, तेही दाखवावं लागेल."

तेव्हा शांताबाई म्हणाली, "एक कागद हाये. मालकानं औषधासंगं देल्लता. लिवलेला कागद फेकत नाई आमी." तिनं देवाच्या फोटोमागून खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्यावर निळ्या पेननं लिहिलं होतं : दोन्ही मिक्स. पंपाला दोन-दोन झाकणं. म्हणजे पंपभर पाण्याला दोन्ही औषधांची दोन-दोन झाकणं भरून.

काकांनी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. ते गोल, ठसठशीत अक्षर मीही ओळखलं. अंगणातल्या दोन्ही बाटल्यांवर घासूनही उरलेले त्रिकोण लाल होते, आणि त्या एकमेकांत मिसळा असं कोणत्याच कंपनीनं छापलेलं नव्हतं. ते काकांनी सांगितलं होतं. दुकानात गर्दी असताना, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर, रोज कितीतरी लोकांना सांगत तसंच.

परतताना काकांनी तो पुठ्ठा प्लास्टिकच्या थैलीत घालून बरोबर घेतला. आर्णीच्या फाट्यावर मी स्कूटी थांबवली आणि वकिलासारखी बोलायला लागले. "काका, ही चिठ्ठी अजून कुणी मागितलेली नाही. स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती कायदा कुणावर करत नाही. तुम्ही ही दिलीत तर परवाना जाईल, दुकान जाईल. आपण नुसता पाठीचा मुद्दा मांडून पाहू."

"हे कायद्यात बसते का?" त्यांनी विचारलं.

"बसतं. शंभर टक्के बसतं."

"असं?" ते उतरत म्हणाले. "मंग कायदा लयच मोठा हाये. काहीबी बसते त्याच्यात."

रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते थकलेल्या माणसासारखे बोलले आणि पिशवी काखेत मारून चालू लागले.

सुनावणीला ते तिन्ही पेनं लावून आले. विष कातडीतून कसं जातं यावर त्यांनी अधिकाऱ्यांसमोर भलंमोठं व्याख्यान दिलं. डोस चुकलाच होता. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग काकांनी थैलीतून तो पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला, हे अक्षर माझं आहे असं सांगितलं, आणि तसं लिहून सही केली. साहेब सावरून बसले. "गावंडे, हे तुम्ही लेखी देताय. याचे परिणाम माहीत आहेत ना?"

"माहीत हाये, साहेब. परीक्षेले आलता हा प्रश्न. तवा चुकलो होतो."

मला हसू आलं. त्या माणसाचा मला विलक्षण अभिमान वाटला, आणि फाट्यावर त्याला दिलेल्या सल्ल्याची तितकीच लाज वाटली.

दशरथचा कागद दुरुस्त झाला. फवारणी करताना विषबाधा, असं त्यावर आलं. तो कागद घेऊन दशरथ स्वतः पुसदकडे गेला आणि सोयरीक पक्की करून आला. काकांचा परवाना रद्द झाला. प्रबंधाला मॅडमनी त्यांना वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले, पण कायद्याच्या लेखी पेपरात ते नापास झाले. अजून तो पेपर राहिलाच आहे. मी शिकवायला तयार आहे, ते अभ्यासाला तयार नाहीत.

घरच्यांना वाटलं, आता घरी बसतील. पण काकांनी रिकामं दुकान रोज उघडायला सुरुवात केली. फळ्या मोकळ्या, मध्ये एक टेबल, दोन स्टुलं आणि टेबलावर भिंग. प्रत्येक औषधाच्या खोक्यात एक माहितीपत्रक असतं, इतक्या बारीक अक्षरात की कुणी ते वाचत नाही. उलगडलं की टेबलभर होतं. शेजारच्या कृषी केंद्रातून माल घेतलेल्या लोकांना काका हाका मारून बोलावतात आणि ते वाचून दाखवतात. शेजारचा दुकानदार वैतागला आहे. "गिऱ्हाईक माह्यं अन् शाळा तुमची?" असं तो रोज म्हणतो. कधी कधी एखादा कास्तकार पत्रक ऐकून लाल डबा परत करतो, तेव्हा तर भांडण ठरलेलं असतं.

मागच्या हंगामात मी तिथं बसले असताना दशरथ आला. त्याला पुन्हा कामं मिळू लागली होती. नव्या मालकानं दिलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला. काकांनी पत्रक उलगडलं, भिंग धरलं आणि वाचायला लागले. उपाशीपोटी फवारू नये. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नये. गळका पंप वापरू नये. दुसऱ्या कोणत्याही औषधात मिसळू नये.

तिथं दशरथनं त्यांना थांबवलं. "काका, हे तवाबी लिवलं होतं का कागदावर?"

"होतं."

"मंग तवा काहून नाई सांगतलं?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, गर्दी होती, मालक घाईत होता, असं काहीतरी सांगतील. त्यांनी दशरथकडे सरळ पाहिलं.

"तवा म्या वाचलंच नव्हतं, दशरथ. सत्तावीस वर्सं इकलं. एकबी कागद उलगडून नाई पाह्यला."

दशरथनं स्टूल ओढून घेतलं, बसला आणि ते पत्रक काकांच्या पुढ्यात सरकवलं.

"मंग आता पुरं वाचा," तो म्हणाला. "मले घाई नाई."