साखर सोडून गेलेल्या मुंग्या

गोंधळलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण गोंधळ वडिलोपार्जित शेतासारखा ज्यांनी मन लावून कसला, असे गृहस्थ मी आजवर एकच पाहिले, आणि ते म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. राहणार मेडशी, सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी, अंगानं उंचपुरे, आवाज खणखणीत, पण चेहऱ्यावर कायम असा भाव की आपण चुकून दुसऱ्याच गावाला तर उतरलो नाही ना! घरात त्यांना सगळे आबाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आबाजींना एखादी गोष्ट एका झटक्यात पटली असं मी कधी पाहिलेलं नाही. ते मठ्ठ आहेत असं नव्हे हो. मठ्ठ माणसाला कळलं नाही तरी तो मान डोलावून मोकळा होतो. आबाजी मान डोलावत नाहीत. ते डोळे बारीक करतात, जवळ सरकतात आणि म्हणतात, "थांबा भाऊ. हे काई माह्या डोक्यात शिरून नाई राह्यलं." झालं, मग तुमची सुटका नाही. वाशिमला माझं तयार कपड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला चटकन उत्तर द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं ही माझी सवय. त्यामुळे आबाजी दुकानाच्या पायरीवर दिसले की मी उगाच मापाची टेप गळ्यात अडकवून कामात असल्याचं दाखवायचो.

एस.टी.नं वाशिमला यायचं तर ते आधी कंडक्टरला विचारणार, "वाशिमले जाते ना?" मग ड्रायव्हरला, मग खिडकीतल्या एखाद्या बाईला. एकदा या सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हटल्यावर आबाजींना संशय आला. "सारेच हो म्हनून राह्यले, काईतरी गडबड हाये," असं म्हणून ते खाली उतरले आणि गाडी निघून गेली. मागच्या गाडीनं आले तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अहो आबाजी, पाटी तरी वाचायची!" तर म्हणाले, "वाचली ना. पाटी वाशिमचीच होती. पन ते पाटी कालची बी असू शकते." आता बोला! फवारणीचं औषध आणायला गेले तर दुकानदाराला धरून बसले. "हे किडीले मारते, सोयाबीनले नाई मारत. बरं. पन त्याले कसं समजते, कोनती कीड अन् कोनती सोयाबीन?" त्या बिचाऱ्यानं शेवटी चहा मागवला. आणि बहिणीला पाहायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, मंडळी उठायच्या बेतात होती आणि आबाजी म्हणाले, "मले एक सांगा. आमी पोरीले पाह्यलं. पोरगी आमचं घर पाहाले कधी येनार?" माझे वडील गडबडून गेले. असं कोणी करत नाही म्हणाले. "काहून नाई करत?" म्हणून आबाजी अडून बसले. आणि खरोखरच पुढच्या रविवारी बहीण मेडशीला गेली, घर, विहीर, गोठा, चूल सगळं पाहून आली आणि मग हो म्हणाली. तेव्हापासून मी त्यांच्यावर चिडतो, पण तोंडातल्या तोंडात.

आबाजींचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाली की कणकेत साखर मिसळून अंगणातल्या कडुनिंबाखाली मुंग्यांच्या बिळाशी घालायची. आमच्याकडे बरीच जुनी माणसं पुण्य लागतं म्हणून हे करतात. आबाजींचा पुण्याशी फारसा संबंध नव्हता, कारण मुंगीनं साखर खाल्ली तर पुण्य आपल्याला कसं लागतं याचा त्यांना उलगडा झालेला नव्हता. पण त्यांच्या आईनं सुरू केलेलं होतं, आणि मुंग्या आपली वाट पाहत असतात अशी त्यांची खात्री. (ही एक खात्री त्यांना कशी झाली, कोण जाणे.) त्यांच्या शेजारी उकिडवी बसायची गुड्डी, म्हणजे त्यांची नात आणि माझी भाची. वय पाच. आजोबांना जितकं कळत नसे तितकं सगळं हिला कळायचं. "आबाजी, हे मोठी मुंगी सासू हाये, अन् हे मांगून येऊन राह्यली ते सून." आबाजी वाकून बघायचे आणि म्हणायचे, "असन बाप्पा." आणि मग दोन्ही पक्षांना थोडी थोडी साखर आणखी घालायचे, आणि गुड्डीलाही कधी गूळ, कधी साखरेचं बोट चाटायला द्यायचे.

गेल्या वर्षी दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, आणि गुड्डी पाणी फार प्यायला लागली. गडवा तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची. तिची आजी म्हणाली, फराळाचा चिवडा खारट झाला. कितीतरी दिवसांपासून कोरडं असणारं तिचं अंथरूण रोज ओलं व्हायला लागलं, तर माझे मेहुणे म्हणाले, थंडी आहे, होतं असं. पोरगी वाळायला लागली, तर बहीण म्हणाली, उंची काढतेय. दिवाळीला मी दुकानातून नेलेला फ्रॉक अगदी अंगासरसा बसला होता, तो खांद्यावरून घसरायला लागला. मी पडलो दुकानदार. म्हटलं, हे कापड धुतलं की सैल पडतंच. अंगणवाडीतून आली की खेळायचं सोडून आडवी व्हायची, तर शेजारीण म्हणाली, जंत असतील, ओवा द्या. कोणाचंही उत्तर कुठं अडलं नाही.

त्यातच मुंग्यांनी बंड केलं. एका सकाळी आबाजींनी पाहिलं तर कडुनिंबाखालची साखर तशीच पडलेली, आणि मुंग्यांची रांग तिच्या अंगावरून सरळ न्हाणीमागच्या कोपऱ्याकडे निघालेली. तिथं गुड्डी लघवीला बसायची. आबाजींच्या मनाला फार लागलं. "साखर सोडून मुतात कायले चालल्या ह्या?" त्यांनी साखर बदलून पाहिली. किराणावाल्याकडे जाऊन पोत्यातली साखर चाखून पाहिली. रांग हलेना. शेवटी आजीनं विचारलं, "अजी, मुंग्या लाल हायेत का काया?" कारण लाल निघाल्या तर वाईट आणि काळ्या निघाल्या तर घरात लक्ष्मी येते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. आबाजी चष्मा लावून ओणवे झाले. काळ्या! मग काय विचारता, घरात आनंदीआनंद. "पोट्टीच्या पायानं लक्ष्मी येऊन राह्यली," म्हणत आजीनं गुड्डीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. यंदा तुरीला भाव लागणार अशी बोलणी ओट्यावर सुरू झाली.

एकटे आबाजी काही खूश नव्हते. ते घरभर फिरून विचारत होते, "खारटानं तहान लागते. बरं. थंडीनं मुतते. बरं. उंचीनं वाळते. बरं. जंतानं झोप येते. बरं. पन हे सारं एकाच पोट्टीले, एकाच टायमाले काहून? अन् लक्ष्मी येऊन राह्यली त पोट्टी बाळसं कायले सोडून राह्यली?" बहीण म्हणाली, "आबाजी, तुमी नका डोकं खाऊ जी, मले सैपाक पडला." मेहुणे खेकसले. पानठेल्यावर विचारलं तर लोक हसले. न्हाव्यानं तर दाढी अर्धी ठेवून त्यांना बोलायचं बंद करायला लावलं.

असे सगळीकडून हाकलले गेलेले आबाजी गुडघा दाखवायला वाशिमला आले. मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाहेर पेशंटची ही गर्दी. डॉक्टरांनी गुडघा दाबून विचारलं, "इथं दुखतं का?" आबाजी म्हणाले, "दुखते. पन डॉक्टरसाहेब, तुमी शिकले-सवरलेले मानूस. मले एक सांगा, मुंगी साखर सोडून मुतात कायले जाते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा दंड धरून म्हटलं, "आबाजी, गुडघ्याचं बोला!" पण डॉक्टरांचा हात गुडघ्यावरच थांबला होता.

"कोणाच्या लघवीला मुंग्या लागतात?"

"नातीच्या. पाच वर्षांची हाये."

"पाणी फार पिते?"

"लय पिते."

"रात्री अंथरूण ओलं करते? आधी करत नव्हती आणि आता करते, असं?"

"हो. अन् वाळूनबी राह्यली. कालपासून पोट दुखते म्हन्ते. आज सकाळी ओकली. निजूनच हाये, अन् सास भरभर घेते. तोंडाले वास येते, सडक्या फळावानी."

आबाजींना इतकी सरळ उत्तरं देताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "लहान मुलांनाही मधुमेह होतो, आबा. लघवीत साखर उतरते, म्हणून मुंग्या लागतात. ही सगळी त्याचीच लक्षणं असू शकतात. रक्त तपासल्याशिवाय मी खात्री देत नाही, पण उद्यावर टाकू नका. जीवावर बेतू शकतं. जवळ जिथं साखर तपासतात तिथं आत्ता न्या, आणि जास्त निघाली तर तशीच अकोल्याला मोठ्या दवाखान्यात."

मी तिथूनच मेहुण्यांना फोन लावला. ते उलट माझ्यावरच उखडले, "लेकराले कायची शुगर? शुगर त म्हाताऱ्याले होते. तुमाले त्या बुढ्यानं भरवलं काय?" मी समजावून सांगायला लागलो, पण माझीच जीभ अडखळत होती. तेवढ्यात आबाजींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. बसमध्ये बसण्यापूर्वी अख्ख्या स्टँडला विचारणारा हा माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या आवाजात कंप नव्हता. "मलेबी काई समजलं नाई," ते म्हणाले. "तू गाडी काढ. समजून मंग घेऊ."

मेहुण्यांनी शेजाऱ्याच्या गाडीतून गुड्डीला नेलं. पहिल्या दवाखान्यात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, तर मशीनला आकडाच दाखवता येईना, साखर तिच्या मोजमापाच्या वर गेली होती. तशीच पुढं अकोल्याला; आबाजी आणि मीही वाशिमहून तिथं पोचलो. तिथं सलाईन, इन्सुलिन, नाकाला नळी. माझी बहीण भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडे बघण्याची माझी छाती होत नव्हती. आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुड्डीनं डोळे उघडले आणि आईला विचारलं, "घरी कधी जायचं?" आम्ही सगळे तिथंच रडलो, मेहुणे सगळ्यांत जास्त.

आबाजी मात्र व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंना गाठून उभे होते. "बाई, मी तिले गूळ देत होतो. साखरीचं बोट चाटाले देत होतो. त्यानं झालं का?" बाई म्हणाल्या, "नाही आबा. लहान मुलांचा हा मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं बंद होतं, म्हणून ते बाहेरून द्यायचं. यात कोणाचीच चूक नसते." "पन बंद काहून झालं?" "ते नक्की का होतं, हे अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही." आबाजींचं तेवढ्यानं भागलं नाही. मग त्यांनी तेच नर्सला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याला विचारलं. आणि गुळाचं प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला, आणि कशाचा राग आला हे मला अजून सांगता येत नाही.

आता गुड्डी पहिलीत जाते. जेवणाआधी बोटाला टोचून साखर बघायची, मग इन्सुलिन, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. तिच्या गालांवर पुन्हा मांस आलंय आणि पुढच्या फ्रॉकला मला मोठं माप काढावं लागलं. येणारे-जाणारे पाहुणे तिच्यासाठी उत्तरं घेऊन येतात. कोणी म्हणतं, मागच्या जन्माचं असतं. कोणी म्हणतं, देव बहाद्दर पोरींनाच असं देतो. ती ऐकून घेते. मागच्या महिन्यात मी मेडशीला गेलो तेव्हा आबाजी ओट्यावर बसून तिच्या दंडाला सुई देत होते. मी चहाचा कप घेऊन आतून येत होतो. सुई निघाली आणि गुड्डीनं विचारलं, "आबाजी, हे मलेच काहून झालं?"

मी दारातच थबकलो. माझ्या डोक्यात चार-पाच गोड उत्तरं तयार होती. आबाजींनी मात्र आधी सुईला टोपण लावलं आणि ती डबीत ठेवली.

"नाई सांगता येत, बाई," ते म्हणाले. "लय लोकाइले इचारलं म्या. कोनालेच नाई माईत."

"डॉक्टरीनबाईलेबी नाई?"

"तिलेबी नाई."

गुड्डीनं दंड चोळला. मग हळूच म्हणाली, "मंग माही चूक नाई ना?"

"नाई वं माय!" आबाजी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. "तुही काईच चूक नाई. काईच नाई."

गुड्डी उठली आणि भाकर खायला आत पळाली. आबाजी तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असं मला फार वाटलं, पण धीर झाला नाही. मी तसाच दारात उभा राहिलो.